मोबाइलवर उघडलेलं स्थळ

मंडळाची वेबसाइट काढायची कल्पना माझी नव्हती, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही. कारण ती निघाली तेव्हा कल्पना माझीच आहे असं मी गावभर सांगत सुटलो होतो आणि वर्ध्यातल्या एका दैनिकात तसं छापूनही आणलं होतं. 'नव्या युगाचं नवं माध्यम' असा मथळा होता. मथळ्याखाली माझा फोटो होता आणि फोटोखाली कोण्या भलत्याच माणसाचं नाव होतं. शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. मी त्याला छपाईची चूक म्हटलं आणि पुढे गेलो.

मी कृष्णकांत. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे आणि सिंदी मेघेला राहतो. यातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला आजवर कोणी मान दिलेला नाही. म्हणून मी आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचा प्रसिद्धी सचिव झालो. मंडळ दरवर्षी परिचय पुस्तिका काढायचं. ती इतकी रखडायची, की हातात पडेपर्यंत निम्म्या मुलींची लग्नं झालेली असत. एका वर्षी तर एक बाई पुस्तिका घ्यायला आल्या तेव्हा पुस्तिकेतली 'उपवर कन्या' त्यांच्या कडेवरच्या आपल्याच बाळाला पाणी पाजत होती.

दोन हजार सात साल असेल. वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आता पुस्तिका नको. वेबसाइट काढू."

आमचे अध्यक्ष प्रभाकरराव. कापडाचे व्यापारी, भरघोस मिशा, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याले बायंडिंग लागते का?"

"नाही."

"मंग काढा."

इतक्या सहज ठराव पास झाला, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

वेबसाइट बनवायचं काम पियुषला दिलं. त्याचा कॉम्प्युटर क्लास आमच्याच रस्त्यावर होता. माणूस तिशीतला आणि हुशार होता, पण त्याची हुशारी वीज असेपर्यंतच चालायची, आणि त्या वर्षी विदर्भात वीज ही सणासुदीला येणाऱ्या जावयासारखी होती. येणार म्हणून सगळे तयार होऊन बसत आणि ती आली की काय करायचं ते सुचेपर्यंत निघून जाई. तरी त्याने वेबसाइट बनवली. कॉम्प्युटरवर ती फार देखणी दिसायची. कोपऱ्यात दोन समया तेवत, मधून सनई वाजे आणि तळाशी 'विवाह हा पवित्र संस्कार आहे' हे वाक्य उजवीकडून डावीकडे पळत जाई. प्रत्येक मुलीची माहिती डावीकडे आणि तिचा फोटो उजवीकडे, अशी मांडणी होती.

आणि पानाच्या अगदी वर प्रभाकररावांचा फोटो. ती त्यांची एकमेव अट होती.

"मुलींच्या पानावरही?" मी विचारलं.

"मुलींच्या पानावर तर पाहिजेच. लोकाइले भरोसा वाटला पाहिजे."

मग मुलींचा क्रम कसा लावायचा, यावर महाभारत झालं. वयाप्रमाणे लावा म्हटलं तर मोठ्या मुलींचे बाप उठून उभे राहिले. शिक्षणाप्रमाणे लावा म्हटलं तर बाकीचे सगळे उठले. अखेर ज्याचा अर्ज आधी, त्याची मुलगी आधी, असं ठरलं. अर्ज माझ्या घरी गोळा होत होते. सर्वांत पहिला अर्ज माझ्या वेदश्रीचा आला. हा निव्वळ योगायोग होता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो.

वेदश्रीच्या खाली रक्षाचं नाव होतं. ही हिंगणीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, नोकरी कायम. वडील नव्हते. आई जयवंताबाई आणि ती, दोघीच. मुलगी सावळी, चष्मा जाड, फोटोतही कॅमेऱ्याकडे असं बघणारी की जणू कॅमेऱ्याचा गृहपाठ राहिलाय. माझी वेदश्रीसुद्धा शिकलेली, बी.एस्सी. बी.एड.; पण कायम व्हायला संस्थाचालकांना जे 'सहकार्य' करावं लागतं ते मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ती घराजवळच्या बालवाडीत मानधनावर जायची. दिसायला मात्र चांगली. फोटो तर इतका सुरेख आला होता की स्टुडिओवाल्याने तो न विचारता आपल्या काचेत लावला.

तिने मला सांगितलं होतं, "बाबा, मला नका टाकू त्याच्यात. गावभर कशाला?"

"गावभर नाही, जगभर," मी अभिमानाने म्हणालो.

बायको मीरा तेव्हा भाजी निवडत होती. तिने एक चांगली मेथीची जुडी कचऱ्यात टाकली.

आता खरी अडचण अशी, की आमच्या समाजात कॉम्प्युटर कोणाकडेच नव्हता. सायबर कॅफे होते. पण तिथे प्लायवूडचे खोपे, खोप्यांना पडदे, आणि पडद्याआड कॉलेजची पोरं काय बघतात हे सगळ्या वर्ध्याला ठाऊक. लग्नाच्या मुलीचा बाप त्या पडद्याआडून बाहेर येताना कोणी पाहिला, तर मुलीचं जमलेलं मोडायचं. पण मोबाइल मात्र सगळ्यांकडे आले होते. त्यात व्यापाऱ्यांकडे तर रंगीत पडद्याचे, इंटरनेटवाले. पडदा काडेपेटीएवढा. त्या काडेपेटीत लोक आमची वेबसाइट उघडू लागले.

पहिला फोन पुलगावहून आला. "साहेब, पोरीच्या नावाच्या जागी नुसते डब्बे दिसून राह्यले. डब्बा, डब्बा, डब्बा. मंग एक टिंब. मंग पुन्हा डब्बे."

त्या मोबाइलना मराठी अक्षरं येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन. पियुष म्हणाला, "काका, इंग्रजीत टाका, हाय काय अन् नाई काय." मग मी आणि तो माहिती इंग्रजीत करत बसलो. 'गृहकृत्यदक्ष' या शब्दाला आम्हाला इंग्रजी सापडेना. पियुषने 'होम मिनिस्टर' सुचवलं. मी ते नाकारलं आणि 'एक्स्पर्ट इन ऑल हाऊस' असं लिहिलं. त्यावरून एका गृहस्थांनी मुलगी इंजिनिअर आहे का अशी चौकशी केली.

मी स्वतः हे सगळं पियुषच्या कॉम्प्युटरवरच पाहत होतो. माझ्या मोबाइलवर बोलता येत असे आणि अंधारात उजेड पाडता येत असे. कार्यालय अधीक्षकाला याहून अधिक लागत नाही, असं माझं मत होतं. त्यामुळे कोणी तक्रार केली की मी म्हणायचो, "तुमच्या मोबाइलमध्ये दोष असेल." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं, की ते मी कॉलेजातसुद्धा दोन-तीनदा वापरलं.

एके दिवशी खुद्द प्रभाकरराव घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. पान दुकानातच उघडून आणलेला मोबाइल त्यांनी माझ्यासमोर धरला. पडद्यावर त्यांचाच फोटो होता. टोपी, भुवया, मिशा. आणि मिशांच्या बरोबर खाली इंग्रजीत लिहिलं होतं : वेदश्री. वय सव्वीस. गोरी. सडपातळ. स्वभावाने लाजाळू.

"हे काय होय?" प्रभाकरराव म्हणाले.

"तुमच्या मोबाइलमध्ये–"

"माह्या मोबाइलचं नका सांगू. काल आर्वीच्या एका सोयऱ्याने मले दुकानात फोन केला. म्हणते, लाजाळू हाय का जी तुम्ही? दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं माह्या!"

दाराआडून वेदश्रीचं हसू ऐकू आलं. त्या सबंध प्रकरणातलं तिचं ते शेवटचं हसू.

मी पियुषकडे गेलो. तो म्हणाला, "काका, मोबाइलवर जागाच नाई ना. शेजारी-शेजारी काई मावत नाई, उजवीकडचं सारं खाली घसरते. वरचा अध्यक्षाइचा फोटो काढून टाका, झालं."

हे मी प्रभाकररावांना सांगितलं. ते बराच वेळ मिशांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "फोटो राहू द्या. त्याच्या खालची पोरगी काढा."

"ती माझी मुलगी आहे."

"मंग तिले तळाशी टाका. काऊन, वरच पाहिजे का?"

आता हा प्रश्न वेबसाइटचा राहिला नव्हता. माझ्या मुलीला एका मिशाळ माणसाच्या फोटोपायी तळाशी जावं लागणार होतं. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, अर्ज पहिला तर नाव पहिलं. ते म्हणाले, अध्यक्ष म्हणजे अध्यक्ष. प्रकरण सभेत गेलं. सभेने नेहमीप्रमाणे उपसमिती नेमली. उपसमितीत तिघे ज्येष्ठ सभासद होते आणि तिघांपैकी एकाच्याही मोबाइलवर इंटरनेट नव्हतं. त्यांनी 'परिस्थितीचा प्रत्यक्ष अभ्यास करून' अहवाल द्यायचा होता. त्यांनी एकदा एकत्र बसून कचोरी खाल्ली. वेबसाइट होती तशीच राहिली.

अशात कारंज्याहून फोन आला. कारंजा घाडगेचे ताराचंदजी. हायवेवर टायर-बॅटरीचं मोठं दुकान, नाव ऐकून होतो. मागून ट्रकचे हॉर्न इतके वाजत होते की माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून बोलतोय असं वाटावं.

"नमस्कार जी. मोबाइलवर पोरगी पाह्यली. फोटो साऱ्याइले पसंत हाय. इकडे-तिकडे फोटो दाखवून विचारलं, तं सांगतलं का हे तं सिंदी मेघेच्या सचिवसाहेबांची पोरगी होय."

"हो, हो. आमचीच."

"शाळेत हाय ना?"

"हो, शाळेतच आहे."

"कशी हाय शाळा?"

"छान आहे. मुलं फार जीव लावतात तिला."

"आमाले नोकरीवालीच पोरगी–" इथे एक ट्रक गेला. "–नंतर बदलीचं पाहू." आणखी एक ट्रक गेला. "रविवारी येऊन राह्यलो आम्ही!"

मी फोन ठेवला आणि मीराला हाक मारली. ट्रकमध्ये जे हरवलं ते मला ऐकायचंच नव्हतं. मीराचे डोळे भरून आले. याआधी तीन ठिकाणांहून नकार आले होते आणि प्रत्येक वेळी नकाराचं कारण एकच, 'पोरगी चांगली हाय, पण नोकरी नाई.' यांना तर मुलगी न बघताच पसंत होती. मी वेदश्रीला म्हणालो, "बघ. म्हणत होतीस ना, गावभर कशाला?"

ती म्हणाली, "बालवाडीत असते हे सांगितलंत ना त्यांना?"

"शाळा म्हणालो. बालवाडी ही शाळाच असते."

रविवारपर्यंत सगळी कॉलनी आमच्या घरात होती. शेजारच्या मंदाबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं पहिल्याच पाहण्यात ठरलेली असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी आमचा टीव्ही कपाटात ठेवायला लावला, कारण पाहुणे मॅच बघत बसतात. सोफ्याचं एक टोक भिंतीला टेकवून ठेवलं, कारण बसलं की ते खाली जातं. आणि मला सांगितलं, "भाऊजी, तुम्ही जास्त बोलू नका. तुम्ही बोलले का समोरच्याले वाटते काई तरी लपवून राह्यले." एप्रिलचं ऊन होतं. वीज जाणार हे ठरलेलंच, म्हणून त्यांच्या इन्व्हर्टरची वायर भिंतीवरून आमच्या घरात घेतली आणि तिला आमचा कूलर जोडला. कूलर सुरू झाला की मंदाबाईंच्या घरातले दिवे मंद होत. त्यांचे यजमान दर थोड्या वेळाने भिंतीवरून डोकावून विचारत, "जमलं का?" त्यांना लग्नाचं विचारायचं नव्हतं, कूलर कधी बंद करता ते विचारायचं होतं.

पाहुणे आले. ताराचंदजी, त्यांच्या पत्नी विमलाबाई आणि मुलगा प्रफुल. मुलगा शांत आणि जरा बुजलेला. हातातल्या मोबाइलशी चाळा करत होता, पण उद्धटपणे नाही. वेदश्री पोहे घेऊन आली. विमलाबाईंनी तिला शेजारी बसवलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फोटोपेक्षाई चांगली हाय, माय." प्रफुलने एकदाच वर बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. मी ते पाहिलं. मीरानेही पाहिलं. वेदश्रीने पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही, पण पाण्याचा ग्लास देताना तिच्याकडून थोडं पाणी सांडलं. ती कधी पाणी सांडणारी मुलगी नाही.

मला वाटलं, झालं. नवं माध्यम जिंकलं.

ताराचंदजींनी पोह्यांची दुसरी बशी संपवली, हात पुसले आणि म्हणाले, "तं मंग बदलीचं पाहून घेऊ. कारंज्याले आमची ओळख हाय. पंचायत समितीत आपले लोक हायेत."

"कशाची बदली?" मी विचारलं.

"नोकरीची जी. हिंगणीहून कारंजा."

कूलर घरघरत होता. मी म्हणालो, "हिंगणी? ती तर इथेच असते. कोपऱ्यावरच्या बालवाडीत."

"बालवाडी?" ताराचंदजी हसले. "मस्करी करून राह्यले का साहेब? जिल्हा परिषद लिहिलं हाय. कायम लिहिलं हाय. प्रफुल, दाखव."

प्रफुलने मोबाइल काढला. सिंदी मेघेत तेव्हा घरात इंटरनेटची रेंज येत नसे. पियुषने एकदा सांगितलं होतं की ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला येते. म्हणून आम्ही सगळे गच्चीवर गेलो. पुढे प्रफुल, मागे ताराचंदजी, विमलाबाई, मी, मीरा. भर दुपारी गच्ची तव्यासारखी तापली होती आणि चपला खाली दारात राहिल्या होत्या. त्यामुळे आम्ही सगळे टाकीच्या सावलीच्या अरुंद पट्टीत एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत त्या काडेपेटीएवढ्या पडद्यात डोकावत होतो. शेजारच्या गच्चीवर मंदाबाई कुरडया वाळत घालायला आल्या. कुरडया सकाळीच घालून झाल्या होत्या.

पान उघडायला लागलं. आधी एक काळी पट्टी आली. ती प्रभाकररावांची टोपी होती. बराच वेळ नुसती टोपीच होती. मग कपाळ आलं. मग भुवया.

"हे कोन होय?" विमलाबाईंनी विचारलं.

"आमचे अध्यक्ष," मी म्हणालो.

मग मिशा आल्या आणि रेंज गेली. प्रफुलने हात उंच केला, टाकीला वळसा घातला, परत आला. मिशांखाली अक्षरं आली : वेदश्री, बी.एस्सी. बी.एड., बालवाडी, मानधन.

"हे कोन्या दुसऱ्या पोरीचं हाय," ताराचंदजी म्हणाले. "ते पहिलं आम्ही पाह्यलंच नाई. वर मिशावाला दिसला का पुढे सरकवलं. तुमची पोरगी खाली हाय."

प्रफुलने पान खाली सरकवलं. वरून खाली, एकेक पट्टी करत, माझ्या मुलीचा चेहरा आला. केस, कपाळ, डोळे. स्टुडिओवाल्याने काचेत लावलेला तोच चेहरा. आम्ही सगळे तो येताना बघत होतो. फोटो पूर्ण झाला. त्याच्याखाली लिहिलेलं आलं : रक्षा. शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, हिंगणी. नोकरी कायम.

आणखी खाली सरकवल्यावर रक्षाचा फोटो आला. जाड चष्म्यातून तिने आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

मला समजलं. पियुष म्हणाला होता तेच झालं होतं. प्रत्येकीचा फोटो घसरून पुढच्या मुलीच्या डोक्यावर जाऊन बसला होता. माझ्या मुलीचं शिक्षण मिशांखाली गेलं होतं आणि तिचा चेहरा दुसरीच्या नोकरीवर चिकटला होता.

मी ते समजावून सांगू लागलो. माहिती डावीकडे, फोटो उजवीकडे, कॉम्प्युटरवर कसं बरोबर दिसतं. मी हातवारेही केले. ताराचंदजींनी पूर्ण ऐकून घेतलं. ते भले गृहस्थ होते, चिडले नाहीत. म्हणाले, "म्हंजे चेहरा हिचा अन् नोकरी तिची."

"हो."

"असं नाई चालत जी. दोन्ही एका ठिकानी पाहिजे होतं." मग विमलाबाईंकडे बघून त्यांनी थोडा विचार केला. "पोरगं दुकानात बसते. दुकानाचं काई खरं नाई, हायवे कवा कुठं वळन घेईन सांगता येत नाई. घरात एक सरकारी पाहिजे. तुमची पोरगी लाख हाय, मी नाई म्हनत नाई."

प्रफुल मोबाइलकडे बघत होता. म्हणाला, "बाबूजी, आपण..." आणि मोबाइल खिशात टाकला. त्या 'आपण'च्या पुढे काय होतं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. काहीच नसेल. मनात काहीच नसणाऱ्या माणसांचीही वाक्यं तशीच सुरू होतात.

"हिंगणी इथून किती दूर हाय?" ताराचंदजींनी विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आता निघालोच हाय तं पाहून घेतो. जीप हायच. त्याइले फोन करून ठेवा ना."

"मी?"

"तुम्ही सचिव हाय ना? साइटवर साऱ्या पोरीइच्या खाली तुमचाच नंबर दिला हाय."

ते खरं होतं. पालकांचे नंबर उघड्यावर नकोत, सगळा संपर्क प्रसिद्धी सचिवामार्फतच, हा ठराव मीच मांडला होता. त्यामागे मुलींची अब्रू हे कारण होतं. थोडं कारण असंही होतं, की त्यामुळे सगळ्यांना मला फोन करावा लागणार होता.

मीरा माझ्याकडे बघत होती. भिंतीपलीकडून मंदाबाई बघत होत्या. जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या चपला हातात घेऊन, वेदश्री उभी होती. आमचे पाय भाजतील म्हणून ती त्या वर घेऊन आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

मी 'करत नाही' म्हणू शकलो असतो. पण मग ताराचंदजी समाजात सांगत फिरले असते की सचिवाने स्वतःच्या मुलीपायी दुसरीचं स्थळ अडवलं. आणि लोकांनी ते मानलं असतं, कारण पहिला अर्ज कोणाचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी माझा तो साधा मोबाइल काढला आणि जयवंताबाईंना फोन लावला. तो पहिल्याच झटक्यात लागला. म्हणालो, "नमस्कार, मी प्रसिद्धी सचिव बोलतो. तुमच्या रक्षासाठी चांगलं स्थळ आलं आहे. आज दुपारीच येत आहेत. हो, माणसं चांगली आहेत. मी स्वतः भेटलो आहे."

वेदश्रीने चपला एकेक करून खाली ठेवल्या, ज्याच्या त्याच्या पायासमोर. प्रफुलच्या समोर ठेवल्या तेव्हा तो मागे सरकला आणि त्याचा पाय तापलेल्या फरशीवर पडला.

पाहुणे गेले. भिंतीवरून मंदाबाईंच्या यजमानांनी विचारलं, "जमलं का?" मीराने उठून कूलर बंद केला. वेदश्रीने उरलेले पोहे एका बशीत काढले आणि खायला बसली. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "ती तांत्रिक चूक होती."

"हो," ती म्हणाली. "माझा फोटो त्यांना पसंत होता बाबा. फक्त त्याच्याखाली मी निघाले."

पुढचं मला रक्षाकडूनच कळलं, तेही उन्हाळा संपल्यावर. हिंगणीला गेल्यावर विमलाबाईंनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं की फोटोतली पोरगी निराळी होती. रक्षाने चष्मा पुसून विचारलं होतं, "मंग तिच्याकडून इकडे काऊन आले?" पण लग्न ठरलं. जयवंताबाईंची तब्येत बरी नव्हती आणि रक्षाचं वय वाढत होतं. आमच्याकडे बहुतेक लग्नं अशीच ठरतात, यात वेबसाइटचा काही दोष नाही.

लग्न कारंज्याला झालं, हायवेलगतच्या मंगल कार्यालयात. मला जायचं नव्हतं. मीराही म्हणाली, डोकं दुखतंय म्हणून कळवा. वेदश्रीच साडी नेसून तयार झाली. "न गेलो तर लोक मलाच बघायला घरी येतील," ती म्हणाली. म्हणून आम्ही तिघे गेलो.

मंगलाष्टकं झाली, जेवणं सुरू व्हायची होती. एवढ्यात प्रभाकररावांनी माइक हातात घेतला. त्यांचं माझ्याशी त्या मिशांच्या प्रकरणापासून बोलणं नव्हतं. पण वेबसाइटवर आपला फोटो आहे आणि वेबसाइटमुळे लग्न जुळलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी जाहीर केलं की मंडळाच्या संकेतस्थळामुळे जुळलेला हा पहिला विवाह आहे आणि त्याबद्दल प्रसिद्धी सचिवांचा सत्कार करण्यात येत आहे. मला स्टेजवर ओढत नेलं. शाल घातली. वर्ध्याच्या त्याच दैनिकाचा माणूस फोटो काढत होता.

नवरा-नवरी बाजूलाच उभे होते. मी रक्षाला आशीर्वाद द्यायला वळलो. ती वाकली आणि वाकल्या वाकल्या, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, ते फोटो पाहून आलते अन् नोकरी पाहून थांबले. माह्यासाठी अजून कोनीच आलं नाई." मग सरळ उभी राहिली आणि फोटोसाठी हसली. प्रफुलने मला नमस्कार केला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि हॉलमध्येही कुठे बघितलं नाही. नजर कुठे ठेवायची नाही हे त्याला नेमकं माहीत होतं.

माइक आता ताराचंदजींकडे होता. "सचिवसाहेबांचे उपकार हायेत," ते म्हणत होते. मनापासून म्हणत होते. "त्या दिवशी त्याइनं स्वतः फोन लावला. स्वतःच्या घरून. दुसरा कोनी असता तं लावला नसता."

टाळ्या झाल्या. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या रांगेत मीरा मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या शेजारी वेदश्री टाळ्या वाजवत होती. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, कुचेष्टा शोधली. ती सापडली असती तर मी सहन केली असती. काहीच नव्हतं. बालवाडीत एखाद्या लहान मुलाने आपली कविता कशीबशी, अडखळत पूर्ण म्हटली की त्याला बरं वाटावं म्हणून ज्या टाळ्या वाजवतात, तशा त्या टाळ्या होत्या. बाकीचे थांबल्यावरही ती थोडा वेळ वाजवत राहिली.